चोवीस किलोबाइटांतले गोल्फचे मैदान

१९९० च्या दशकात आपल्याकडील अनेक घरांत दूरचित्रवाणी संचाला जोडायचे व्हिडिओ गेम आले. निन्टेंडो या जपानी कंपनीचे यंत्र भारतात ‘समुराई’ या नावाने विकले जात असे. त्याच्या जोडीला त्याच बनावटीची नकली, स्वस्त यंत्रेही भरपूर होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून ही यंत्रे आणि त्यांच्या ‘कॅसेटी’ गावोगाव पोहोचल्या. कॅसेट हा शब्द आपल्याकडे रूढ झाला खरा, पण तिच्यात फीत नसे. प्लास्टिकच्या डबीत एक छोटी पट्टी आणि तीवर स्मृतीच्या एकदोन चिपा, एवढाच तिचा संसार. वेष्टनावर शेकडो, कधी तर लाखो खेळांचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ यादीत पुन्हा पुन्हा आलेले असत.

या यादीत मारिओ आणि कॉन्ट्रा यांच्या गर्दीत पुष्कळदा ‘गोल्फ’ नावाचा एक खेळ असे. गोल्फ भारतात नवा नाही. कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ चा आणि मुंबईचा १८४२ चा. तरीही हा खेळ सर्वसामान्य घरांपर्यंत कधी आला नाही. त्यामुळे ‘पार’ म्हणजे काय, वारा कोणत्या दिशेचा, काठी कोणती घ्यायची, हे न कळून मुले दोनचार फटके मारीत आणि दुसऱ्या खेळाकडे वळत. आम्हाला मात्र वाटते की, त्या यादीतील सर्वांत शिकण्याजोग्या खेळांपैकी हा एक होता. खेळण्यापेक्षाही, तो तयार कसा झाला हे समजून घेण्यासाठी. तो इतिहास या लेखात पाहू.

यंत्राची ऐपत

निन्टेंडोचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या गटाने ते घडवले होते. किंमत आवाक्यात ठेवायची असल्याने त्याचे अंतरंग अगदी काटकसरीचे होते. त्याचा प्रक्रियक १९७५ साली आलेल्या ‘६५०२’ या चिपच्या घराण्यातला असून, त्याचे ठोके सेकंदाला सुमारे १८ लाख पडत. आकडेमोड करताना टिपणे ठेवण्यासाठी त्याला स्मृती मिळे ती २ किलोबाइट, म्हणजे २,०४८ बाइट. छापील मजकुराचे एक पान त्यात जेमतेम मावेल.

खेळाची आज्ञावली आणि चित्रे कॅसेटमध्ये कायमची कोरलेली असत. सुरुवातीच्या साध्या कॅसेटींत यासाठी दोन कप्पे असत. एक आज्ञावलीचा आणि दुसरा चित्रांचा. गोल्फच्या कॅसेटमध्ये पहिला कप्पा १६ किलोबाइटचा (१६,३८४ बाइट) आणि दुसरा ८ किलोबाइटचा (८,१९२ बाइट) होता. एकूण २४ किलोबाइट. आजच्या भ्रमणध्वनीने काढलेले एक साधे छायाचित्रही याच्या शंभरपट जागा सहज घेते.

आता पडद्याचा हिशेब करून पाहू. या यंत्राचे चित्र २५६ बिंदू रुंद आणि २४० बिंदू उंच असे. म्हणजे एकूण ६१,४४० बिंदू. प्रत्येक बिंदूला चारपैकी एक छटा द्यायची, तर बिंदूमागे दोन बिट लागतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून एका चित्राला १५,३६० बाइट झाले. अशी दोन चित्रेदेखील २४ किलोबाइटांत मावत नाहीत. मग खेळ होणार कसा?

यावर यंत्राच्या रचनाकारांनी फरशांची युक्ती योजली होती. खोलीच्या जमिनीवर जशा फरशा बसवतात, तसा पडदा ८ × ८ बिंदूंच्या चौकोनी तुकड्यांनी भरायचा. आडव्या ओळीत ३२ फरशा आणि अशा ३० ओळी, म्हणजे ९६० जागा. एका फरशीचे चित्र १६ बाइटांत बसते. चित्रांच्या ८ किलोबाइटांच्या कप्प्यात अशा ५१२ फरशा राहतात. गवताची फरशी एकदाच साठवायची. पडद्यावर ती तीनशे ठिकाणी हवी असेल, तर त्या तीनशे जागांवर केवळ तिचा क्रमांक लिहायचा. क्रमांकाला एक बाइट पुरतो. अशा रीतीने संपूर्ण पडद्याचे वर्णन ९६० बाइटांत होते. रंगांची निवड सांगायला आणखी ६४ बाइट लागतात. एकूण १,०२४. पंधरा हजारांवरून आपण एक हजारावर आलो.

अठरा होलचे कोडे

गोल्फचा पूर्ण डाव अठरा होलचा असतो. ‘होल’ म्हणजे केवळ शेवटचा खड्डा नव्हे. जेथून पहिला फटका मारतात तेथपासून त्या खड्ड्यापर्यंतचा सगळा पट्टा. प्रत्येक पट्ट्याचा आकार वेगळा. कुठे मध्येच पाणी, कुठे वाळूचे खड्डे, कुठे वाटेत झाडी. ही विविधता काढून टाकली, तर खेळात उरते काय? अटारी कंपनीच्या यंत्रावर १९८० मध्ये आलेल्या गोल्फमध्ये नऊच होल होते. निन्टेंडोला मात्र पुरे अठरा हवे होते.

फरशांच्या युक्तीने प्रत्येक होलचा पूर्ण पडदा लिहायचा म्हटले, तर १८ × १,०२४ म्हणजे १८,४३२ बाइट लागतात. आज्ञावलीचा कप्पा १६,३८४ बाइटांचा. नुसते नकाशेच त्यात बसत नाहीत. होलचा नकाशा पडद्याच्या अर्ध्याच भागात दाखवायचा ठरवले, तरी सुमारे नऊ हजार बाइट, म्हणजे निम्म्याहून अधिक जागा त्यातच संपते. उरलेल्यात चेंडूची गती, वारा, काठ्यांची निवड, दोन खेळाडूंची गुणमोजणी, आवाज असे सगळे कोंबायचे.

हे काम इतर कंपन्यांना विचारले असता, अठरा होल बसणार नाहीत म्हणून त्यांनी नकार दिला, असे सातोरू इवाता यांनी पुढे सांगितले आहे. हे काम स्वीकारले ते इवाता यांनी. त्या वेळी ते चोवीस वर्षांचे होते आणि हाल लॅबोरेटरी या छोट्या कंपनीत नोकरीला होते.

इवाता यांचा जन्म ६ डिसेंबर १९५९ चा, जपानच्या उत्तरेकडील साप्पोरो शहरातला. शाळेत असताना त्यांच्या हाती ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचा ‘एचपी-६५’ हा गणकयंत्राचा नमुना आला. १९७४ साली बाजारात आलेल्या या खिशात मावणाऱ्या यंत्राला आज्ञा शिकवता येत असत, पण फक्त शंभर. एवढ्यात बसणारे खेळ त्यांनी त्यावर रचले. पुढे तोक्यो तंत्रशास्त्र संस्थेत शिकत असताना ते हाल लॅबोरेटरीत अर्धवेळ काम करू लागले आणि १९८२ मध्ये पूर्णवेळ रुजू झाले. शंभर आज्ञांत खेळ बसवणाऱ्या मुलाला सोळा किलोबाइट ही अडचण वाटली असेल, की चैन?

होलचे नकाशे आखूड करून साठवायचे आणि खेळताना लागेल तो तेवढा उलगडायचा, अशी रीत इवाता यांनी स्वतः रचली. यालाच माहितीचे संक्षेपण म्हणतात. १ मे १९८४ रोजी ‘गोल्फ’ जपानमध्ये विक्रीस आला. त्यात अठरा होल होते.

गासचे शिवार एका बाइटात

संक्षेपणाचे मूळ तत्त्व समजायला जपानला जायची गरज नाही. ते आपल्या जमिनीवर समजून घेऊ. नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस गास हे गाव आहे. भाताची शेते, केळीच्या आणि भाजीच्या वाड्या, वाड्यांना पाणी पुरवणारी बावखले, घरे आणि रस्ते अशी या पट्ट्याची ठेवण. अशा शिवाराचा नकाशा चौकटीच्या कागदावर ३२ रकाने आणि ३० ओळींत काढला आहे, असे समजा. प्रत्येक चौकटीत सातांपैकी एक शब्द लिहायचा: भात, भाजी, केळी, बावखल, रस्ता, घर, मोकळी जागा.

आता एक ओळ वाचा. पश्चिमेकडून पूर्वेकडे ती अशी असेल: भात, भात, भात... असे चौदा वेळा, मग रस्ता एकदा, केळी सहा वेळा, बावखल दोनदा, पुन्हा केळी चार वेळा, घर तीनदा आणि भाजी दोनदा. एकूण ३२ चौकटी. हीच ओळ कोणी दूरध्वनीवरून सांगायला घेतली, तर तो बत्तीस शब्द उच्चारणार नाही. ‘भात चौदा, रस्ता एक, केळी सहा, बावखल दोन, केळी चार, घर तीन, भाजी दोन’ असे सांगून मोकळा होईल. बत्तीस नोंदींच्या सात जोड्या झाल्या.

आता हे बाइटांत लिहू. शब्द सातच असल्याने त्यांना तीन बिट पुरतात, कारण तीन बिटांत आठ पर्याय मावतात. संख्या १ ते ३२ पर्यंतची, तिला पाच बिट पुरतात. तीन आणि पाच मिळून आठ बिट, म्हणजे बरोबर एक बाइट! एका जोडीला एक बाइट. बत्तीस बाइटांची ओळ सातात आली. तीन बिटांतला आठवा पर्याय अजून मोकळा आहे. त्याचा अर्थ ‘वरच्या ओळीप्रमाणेच’ असा ठरवू आणि पाच बिटांत किती ओळी तशाच आहेत ते लिहू. सलग पाच ओळी सारख्या असतील, तर शेवटच्या चार ओळी एका बाइटात आटोपतात.

गोल्फचे मैदानही असेच असते. गवत, दाट गवत, वाळू, पाणी, झाडी असे थोडेच प्रकार आणि तेही मोठमोठ्या सलग पट्ट्यांत. म्हणून ते आखूड होऊ शकते. येथे तीन गोष्टी विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्याव्यात.

पहिली, संक्षेपण फुकट मिळत नाही. आखूड नोंद उलगडणाऱ्या आज्ञांनाही जागा लागते. एकच होल असता, तर तो सरळ लिहिणेच स्वस्त पडले असते. अठरा असल्यामुळे ही गुंतवणूक वसूल होते.

दुसरी, जिथे रचना नाही तिथे संक्षेपणही नाही. प्रत्येक चौकट शेजारच्या चौकटीहून वेगळी असेल, तर बत्तीस जोड्यांना बत्तीस बाइटच लागतील. कोणतीही माहिती हवी तेवढी दाबून लहान करता येते, हा समज चुकीचा आहे.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. आखूड लिहिण्याचा नियम नकाशाकडे नीट पाहिल्यावाचून सुचत नाही. कोणते प्रकार आहेत, ते कसे पसरले आहेत, कशाच्या शेजारी काय येते, हे ज्याला दिसले त्यालाच ते थोडक्यात मांडता येते. चांगला विद्यार्थी धड्याचा सारांश लिहितो तोही असाच. शब्द गाळून सारांश होत नाही, रचना कळल्याने होतो.

केवळ बेरजेने उडणारा चेंडू

नकाशे बसले, पण चेंडू उडायला हवा. ‘६५०२’ घराण्याच्या प्रक्रियकाला गुणाकाराची आणि भागाकाराची आज्ञाच नाही. त्याला बेरीज आणि वजाबाकी येते. मग हवेत फेकलेल्या चेंडूचा वक्र, ज्याच्या सूत्रात वेळेचा वर्ग आहे, तो कसा काढायचा?

अशा यंत्रांवर रूढ असलेली रीत आठवीच्या विद्यार्थ्यालाही फळ्यावर करता येते. चेंडूची उंची आणि वर जाण्याचा वेग हे दोनच आकडे लक्षात ठेवायचे. प्रत्येक टप्प्यावर उंचीत वेग मिळवायचा आणि मग वेगातून ठरावीक आकडा वजा करायचा. वेग ६ ने सुरुवात करून दर वेळी २ वजा करू. वेग होतात ६, ४, २, ०, –२, –४, –६. उंची होते ६, १०, १२, १२, १०, ६, ०. हे बिंदू आलेख कागदावर मांडा. सुबक अन्वस्त मिळतो आणि गुणाकार एकदाही करावा लागत नाही. दर टप्प्याला २ वजा करणे म्हणजेच गुरुत्वाकर्षण. गॅलिलिओने घरंगळणाऱ्या गोळ्यांवर जे पाहिले, तेच येथे बेरीज-वजाबाकीत उतरते. वारा दाखवायचा, तर आडव्या वेगातही असाच थोडा फरक करत जायचा.

तीन वेळा एकच बटण

या खेळाची आणखी एक देणगी आहे. गोल्फच्या फटक्यात ताकद आणि अचूकता या दोन्ही गोष्टी हव्यात. खेळाडूच्या हातात मात्र दाबले की लागणारे आणि सोडले की सुटणारे साधे बटण. त्याला जोर कळत नाही. यासाठी पडद्याच्या तळाशी एक पट्टी दाखवली. पहिल्यांदा बटण दाबले की एक खूण पट्टीवरून सरकू लागते. दुसऱ्यांदा दाबले की ताकद ठरते. खूण परत येताना तिसऱ्यांदा दाबायचे. ते नेमक्या जागी झाले तर चेंडू सरळ जातो, नाहीतर डावीउजवीकडे वळतो. जोर मोजता येत नसेल, तर वेळ मोजा, असा हा विचार. खेळाच्या मांडणीत शिगेरू मियामोतो यांचा वाटा होता. या तीन दाबांची रीत पुढच्या असंख्य गोल्फ खेळांनी उचलली.

वेळ मोजायची कशाने? त्या काळचे बहुतेक खेळ पडद्यावर चित्र बदलण्याच्या गतीलाच घड्याळ मानीत. जपानच्या दूरचित्रवाणीवर सेकंदाला सुमारे ६० चित्रे येत. भारताने पाल पद्धत स्वीकारली होती, तिच्यात ५० येतात. त्यामुळे तिच्यासाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर असे खेळ पाच-षष्ठांश गतीने चालत. वसईतल्या एखाद्या घरात खेळणाऱ्या मुलीला तिसरे बटण दाबायला तोक्योतल्या मुलीपेक्षा किंचित अधिक अवधी मिळत असे, हे तिला माहीत असण्याचे कारण नव्हते.

नाव नसलेला कर्ता

येथे या इतिहासाची एक खंत सांगायला हवी. चित्रपटाच्या सुरुवातीला नामावली येते. १९८४ च्या या खेळात ती नव्हती. नकली कॅसेटींत तर कंपनीचे नावही पुष्कळदा पुसलेले असे. त्या कॅसेटी बिनपरवाना होत्या हे खरे, आणि त्यांच्यामुळेच हा खेळ इतक्या घरांत पोहोचला हेही खरे. पण आपल्या मुलांपर्यंत आली ती एक बंद डबी. हे कोणा माणसाने, कोणत्या तरी अडचणीवर विचार करून रचले आहे, हा निरोप तिच्याबरोबर आला नाही. तंत्रज्ञान म्हणजे विकत आणायची वस्तू, ही समजूत अशीच घट्ट होत जाते.

त्याच स्वस्त यंत्रांकडे वेगळ्या नजरेने पाहणारे लोकही होते. २००८ च्या सुमारास डेरेक लोमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्लेपॉवर’ हा उपक्रम सुरू केला. भारतातील बाजारांत दहाबारा डॉलरला मिळणाऱ्या, कळफलक असलेल्या आणि टीव्हीला जोडायच्या यंत्रात फॅमिकॉमचीच रचना आहे हे त्यांनी हेरले आणि त्यावर चालतील असे शैक्षणिक खेळ करायला घेतले. जुनी, सोपी रचना हा त्यांना दोष वाटला नाही. सोप्या यंत्राच्या तळापर्यंत पोहोचता येते.

इवाता यांचे नाव पुढे जगाला कळले ते वेगळ्या वाटेने. १९९३ मध्ये कर्जात बुडालेल्या हाल लॅबोरेटरीचे ते अध्यक्ष झाले आणि त्यांनी तिला सावरले. २००२ मध्ये ते निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. ११ जुलै २०१५ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये निन्टेंडोचे ‘स्विच’ हे नवे यंत्र आले. त्याच वर्षी सप्टेंबरात काही जिज्ञासूंना असे आढळले की, यंत्राचे घड्याळ ११ जुलैवर असताना इवाता आपल्या प्रक्षेपणांत करीत तशी हातांची खूण केली, तर आत लपवून ठेवलेला १९८४ चा ‘गोल्फ’ सुरू होतो. पुढच्या सुधारित आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. स्विचची अंगभूत साठवण ३२ गिगाबाइटची होती. त्या खेळाला लागणाऱ्या जागेच्या सुमारे चौदा लाख पट.

वर्गात काय करता येईल?

या उपक्रमाला संगणक लागत नाही. चौकटीची वही, पेन्सिल आणि गावात फिरण्याची तयारी पुरे. ३२ × ३० चौकटींत आपल्या गावाच्या एका भागाचा नकाशा काढावा. प्रकार सातच ठेवावेत. कोणते, ते मुलांनीच ठरवावे. मग एका गटाने नकाशाच्या ओळी जोड्यांत लिहाव्यात आणि दुसऱ्या गटाने मूळ नकाशा न पाहता त्या जोड्यांवरून तो पुन्हा काढावा. एखादी चूक झाली, तर ती ओळीत कुठपर्यंत पसरते तेही पाहावे.

गाससारख्या गावात या उपक्रमाला आणखी एक अर्थ येतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वसईत जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली, कारण शेते आणि वाड्यांच्या जागी इमारती येऊ लागल्या होत्या. अशा बदलाची खूण जोड्यांच्या संख्येत दिसते. सलग भात असलेली ओळ एका बाइटात मावते. मध्ये एक घर आले की तीन बाइट होतात, दोन घरे आणि रस्ता आला की आणखी वाढतात. पुढे सगळीकडे घरेच झाली, की ओळ पुन्हा एका बाइटात मावते, पण आता त्या बाइटात ‘भात बत्तीस’ऐवजी ‘घर बत्तीस’ असते. तेव्हा केवळ बाइट मोजून भागत नाही, त्यांत काय लिहिले आहे तेही वाचावे लागते.

आपल्या नकाशातील सर्वांत लांब ओळ, म्हणजे जिला सर्वांत जास्त जोड्या लागल्या ती, विद्यार्थ्यांनी शोधावी आणि त्या ओळीवरून प्रत्यक्ष चालत जावे. तिथे इतक्या वेगवेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी का आल्या, हे तिथल्याच माणसांना विचारून लिहून आणावे.